सरकारी रुग्णालयात व्यसनावर उपचार कसे घ्यावेत : ठाणे आणि नवी मुंबईतील कुटुंबांसाठी

दारू आधी सोडायची आणि मग त्रास झालाच तर डॉक्टरकडे जायचे, असा क्रम बहुतेक घरांत लावला जातो. हा क्रम उलटा आहे, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. माझ्या थोरल्या भावाला रोज दोन क्वार्टर लागत. एका गुढीपाडव्याला त्याने आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली आणि खरोखरच त्या दिवशी थेंबालाही शिवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागला, तरी चहा बशीत हिंदकळत होता. वहिनीने काही न बोलता कप परत घेतला आणि अर्धा भरून पुन्हा त्याच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत बनियन घामाने भिजले, भिंतीवरून मुंग्या चालल्या आहेत असे तो सांगू लागला, आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला फिट आली. दारू सुटते आहे म्हणून आम्ही दिवसभर आनंदात होतो. त्या आनंदात एकानेही दवाखान्याचे नाव काढले नाही.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला सरावलेला असतो आणि त्या गुंगीवर मात करून जागे राहण्यासाठी तो स्वतःला सतत ताणून धरतो. दारू एकदम बंद झाली की गुंगी जाते, पण ताण तसाच राहतो. हातांची थरथर, घाम, छातीतली धडधड आणि उडालेली झोप ही त्याची लक्षणे होत. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ८ तासांत थरथर सुरू होते, फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होऊन माणसे ओळखू येईनाशी होतात, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, ताप चढतो. या शेवटच्या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास तीत मृत्यूही ओढवतो. म्हणून जो माणूस रोज पितो, ज्याला सकाळी उठल्यावर उताऱ्याशिवाय चालत नाही, किंवा ज्याला पूर्वी कधी फिट आलेली आहे, त्याने घरच्या घरी एका झटक्यात दारू बंद करू नये. रुग्णालयात जाण्याचा दिवस एक-दोन दिवसांच्या आतला ठरवावा आणि दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्यांनाही हाच नियम लागू आहे.

गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे, तसे नसते. ती बंद केली की नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, जुलाब आणि हाडे मोडल्यासारखे दुखणे यांनी माणूस हैराण होतो, पण त्या त्रासाने जिवावर बेतण्याची वेळ क्वचितच येते. एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, नशेत शरीर फारसे थरथरत नाही. नशा उतरल्यावर मन मात्र इतके खचते की जीव नकोसा वाटू लागतो. अशा दिवसांत त्या मुलाला एकटे सोडू नये.

कुठे जावे

रुग्णाला फिट आली असेल, तो बरळत असेल, रक्ताची उलटी झाली असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल किंवा त्याने स्वतःला इजा केली असेल, तर ओपीडीची वाट न पाहता १०८ ला फोन करून जवळच्या सर्वसाधारण रुग्णालयाच्या अपघात विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत, न्यावे. अशा वेळी थेट मनोरुग्णालय गाठू नये, कारण तेव्हा यकृत, साखर, रक्तातील क्षार आणि श्वास यांकडे आधी पाहावे लागते आणि ती सोय सर्वसाधारण रुग्णालयात असते.

प्रकृती स्थिर असेल तर पर्याय बरेच आहेत. ठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात. त्याच्या जुन्या जागी नवे बांधकाम हाती घेतल्यामुळे विभाग हलवलेले आहेत, तेव्हा मनोविकार विभाग कोठे बसतो हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. १९०१ साली सुरू झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय वागळे इस्टेटच्या बाजूला आहे आणि त्याच्या बाह्यरुग्ण विभागात व्यसनाचे रुग्णही पाहिले जातात. नावाला बिचकून तिकडे न जाणारी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. प्रत्यक्षात ओपीडीत आलेले बहुतेक लोक तपासून, गोळ्या घेऊन दुपारी घरी परततात. कळव्यात महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे आणि त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असल्यामुळे तेथे सर्व विभागांचे डॉक्टर एकाच छताखाली मिळतात, ही यकृताचा त्रास असलेल्यांसाठी मोठी सोय आहे. नवी मुंबईत महापालिकेचे मुख्य रुग्णालय वाशीला असून ऐरोली आणि नेरुळ येथेही महापालिकेची रुग्णालये आहेत. ज्यांना वाशीला जाणे अवघड आहे त्यांनी ऐरोली किंवा नेरुळला प्रथम तपासणी करून चिठ्ठी घ्यावी. खारघर, कामोठे, पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात येतो, त्यामुळे तेथील रहिवाशांना पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते, मात्र तातडीच्या वेळी जिल्ह्याची हद्द पाहत बसू नये.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबाला राज्य कामगार विमा योजनेतून उपचार मिळतात, आणि त्या योजनेची रुग्णालये वागळे इस्टेटला आणि वाशीला आहेत. कार्ड घरातल्या कपाटात पडून असते आणि माणूस पैसे नाहीत म्हणून उपचार पुढे ढकलत राहतो, असे फार वेळा घडते.

पैशाबद्दल एवढेच सांगावे लागेल की राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. महापालिकांच्या रुग्णालयांचे दर वेगळे असतात, परंतु खासगीच्या तुलनेत ते किरकोळच आहेत.

जाण्याच्या आदल्या रात्री

एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर घरातल्या सर्वांनी मिळून पुढील गोष्टी लिहाव्यात : कोणती नशा, किती वर्षांपासून, रोज किती, दिवसातली पहिली केव्हा, शेवटची केव्हा घेतली, पूर्वी कधी सोडण्याचा प्रयत्न झाला आणि तेव्हा काय त्रास झाला, फिट आली होती का, मधुमेह, रक्तदाब, कावीळ, क्षयरोग असे काही आहे का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. प्रमाण लिहिताना लाजू नये. ओपीडीत घरचे अर्धे सांगतात आणि रुग्ण पाव सांगतो. पण थरथर आणि फिट रोखण्यासाठी जे औषध देतात, बहुधा लिब्रियमच्या जातीचे, त्याचा पहिल्या दिवसाचा डोस रुग्ण किती पीत होता यावर बराच अवलंबून असतो. दोन क्वार्टर पिणाऱ्याने एक सांगितली तर डोस अपुरा पडतो, त्रास आटोक्यात येत नाही, आणि ‘सरकारी औषधाला गुणच नाही’ असे म्हणत माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर दिसतो.

जुने केसपेपर, रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि आधार कार्ड किंवा दुसरे कोणतेही ओळखपत्र एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावे. सोबत जाणारी व्यक्ती रुग्णाच्या घरात राहणारी असावी, कारण रात्रीची झोप, भांडणे, पडझड यांविषयीचे प्रश्न तिलाच विचारले जातात. गर्दीत तीन-चार तास जाणार हे गृहीत धरून पाणी आणि डबा घ्यावा. रिकाम्या पोटी ताटकळणाऱ्या व्यसनी माणसाचा धीर फार लवकर सुटतो आणि ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणून गेलेला माणूस परत येत नाही.

रुग्णालयातला दिवस

केसपेपरच्या खिडकीवर सकाळी लवकर पोहोचावे, कारण नोंदणी दुपारच्या आत बंद होते. खिडकीवर ‘मनोविकार ओपीडी’ एवढे दोन शब्द पुरतात. मागे रांगेत ओळखीचा कोणी असेल या धास्तीने कित्येक जण तिथूनच परत फिरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. दारूचा किंवा गर्दचा उल्लेख डॉक्टरांसमोरच करायचा असतो.

आत गेल्यावर प्रथम निवासी किंवा कनिष्ठ डॉक्टर सविस्तर माहिती लिहून घेतात आणि त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ पाहतात. याच वेळी तो आदल्या रात्रीचा कागद पुढे ठेवावा. रुग्णाला काही वेळ एकट्याला आणि नातेवाइकाला काही वेळ एकट्याला बोलू द्यावे अशी विनंती केली तर डॉक्टर सहसा ती मान्य करतात. पत्नीला मारहाणीविषयी नवऱ्यासमोर बोलता येत नाही आणि मुलाला वडिलांसमोर उधारीविषयी. नंतर रक्ताच्या तपासण्या होतात, ज्यांत यकृत, साखर, हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे कावीळ बी, कावीळ सी व एचआयव्ही यांचा समावेश असतो. सुईने नशा करणाऱ्याने शेवटच्या तीन तपासण्या टाळू नयेत, कारण कावीळ सीवर सरकारी कार्यक्रमातून मोफत आणि पूर्ण बरे करणारे औषध मिळते.

भरती करून घ्यावे लागते की गोळ्या घेऊन घरी राहता येते, हा निर्णय डॉक्टरांचा असतो. पूर्वी फिट आलेली असणे, भ्रम, कावीळ किंवा पोटात पाणी, आत्महत्येचे विचार, आणि घरी लक्ष द्यायला कोणी नसणे, ही भरतीची मुख्य कारणे होत. यांपैकी काही असूनही घरी पाठवत असतील तर कारण विचारावे, आणि खाट रिकामी नसेल तर मुंबईतील केईएम, शीव, नायर किंवा जेजे यांपैकी एखाद्या रुग्णालयासाठी रेफरची चिठ्ठी मागून घ्यावी. त्या रात्री आमच्या भावाला ज्या रुग्णालयात आम्ही प्रथम नेले तेथे ‘दारूडा आहे, सकाळी आणा’ असे उत्तर मिळाले होते. आम्ही खाली मान घालून निघालो. आज मी तसा निघालो नसतो. फिट आलेल्या माणसाला दारूडा म्हणून परत पाठवता येत नाही; अशा वेळी आवाज न चढवता ड्युटीवरील वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटण्याचा आग्रह धरावा आणि तपासल्याची नोंद केसपेपरवर लिहून मागावी. लेखी नोंद मागितली की उत्तर बहुधा बदलते.

वॉर्डातील पहिला टप्पा साधारण एक ते दोन आठवड्यांचा असतो. त्या काळात थरथरीवरच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या जातात आणि बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायामिनची, इंजेक्शने दिली जातात. दारूड्या माणसाच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा दुष्काळ असतो आणि ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणासाठी’ सलाईन लावून घेणे धोक्याचे आहे. भेटायला येणाऱ्या मित्रांवर लक्ष ठेवावे. सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशींना विश्वासात घेतले तर उशीखालची पुडी त्यांनाच सर्वांत आधी दिसते.

रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचे पद असते आणि फार थोडे नातेवाईक त्यांना भेटतात. औषधांचा खर्च, कामावर द्यायचे प्रमाणपत्र, पुनर्वसन केंद्राचा पत्ता, घरातील हिंसाचार यांपैकी कोणत्याही अडचणीसाठी आधी त्यांचीच खोली शोधावी.

औषधांविषयी दोन गैरसमज

डायसल्फिराम नावाची गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. ती गोळी रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहून चहात किंवा आमटीत असे काही मिसळणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या तलफ कमी करतात. त्या कोणाला चालतील हे यकृताच्या रिपोर्टवर ठरते.

दुसरा गैरसमज गर्दवरील उपचारांविषयी आहे. गर्दच्या रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दीर्घकाळ दिली जाते, आणि सुईने नशा करणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांत ती रोज समोर बसवून मोफत देतात. ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावले’ असे म्हणून घरचेच ती बंद करायला लावतात. ही गोळी नियमित घेणारा माणूस कामाला जाऊ शकतो, त्याला सुईची आणि पुडीसाठी चोरीची गरज उरत नाही. ती किती महिने किंवा वर्षे चालवायची हे डॉक्टरांवर सोपवावे. आणि हे विशेष लक्षात ठेवावे की काही आठवडे गर्द बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीच्याच प्रमाणात पुन्हा घेतल्यास श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. वॉर्डातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दिवस यासाठीच सर्वांत घातक असतात.

पोलीस, गुप्तता आणि जबरदस्ती

उपचाराला गेलो तर पोलिसांना कळवतील, ही भीती गर्द किंवा एमडी घेणाऱ्या मुलांमध्ये फार आहे. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे आणि त्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थाही येतात, त्यामुळे सरकारी सेवा मिळण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क या रुग्णांनाही आहे.

याच कायद्यानुसार सज्ञान रुग्णाची भरती शक्यतो त्याच्या स्वतःच्या संमतीने होते. तो स्वतःच्याच जिवावर उठला असेल, इतरांना इजा करत असेल किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या अवस्थेत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत त्याच्या वतीने उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यानंतर, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी त्याला भरती करता येते. रात्री गाडी घेऊन येणारी, चार जणांनी उचलून नेणारी आणि तीन महिने भेटू न देणारी खासगी केंद्रे या चौकटीत बसत नाहीत. आमच्या एका नातेवाइकाला असे नेले होते. परत आला तेव्हा त्याच्या मनगटांवर दोरीचे वळ होते आणि पुढची पाच वर्षे ‘उपचार’ हा शब्द ऐकला की तो घर सोडून जाई. कोणत्याही केंद्रात पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात ते विचारावे आणि रुग्णाला फोनवर बोलू देतात का हे पाहावे.

तो यायलाच तयार नसेल तर

घरच्यांनी त्याच्याशिवाय जावे. मनोविकार ओपीडीत नातेवाइकाला सल्ला मिळतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत; टेलिमानसवर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा वेगळा क्रमांक आहे. प्यायलेल्या माणसाशी रात्री या विषयावर बोलू नये. सकाळी, तो शुद्धीवर आणि थोडा खजील असताना, एकाच माणसाने, शक्यतो ज्याचा त्याला राग येत नाही अशाने, एवढेच विचारावे की झोप लागत नाही, पोट दुखते, त्यासाठी तरी येतोस का. पुष्कळ जण पोटदुखीसाठी मेडिसिनच्या ओपीडीत येतात आणि तेथून त्यांना मनोविकार विभागात पाठवले जाते. या वाटेने आलेल्या माणसाचा मानही राहतो. केंद्र सरकारच्या पाहणीचा जो अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचे नोंदवले आहे. उरलेल्या ३७ जणांना उंबरा ओलांडून आत आणणारी कोणतीही वाट चांगलीच म्हणावी लागेल.

डिस्चार्जनंतर

उपचाराचा मोठा भाग डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर सुरू होतो. कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते आणि ती पाळणे हे कोणत्याही गोळीपेक्षा महत्त्वाचे आहे. गोळ्या संपण्याच्या दोन दिवस आधी जावे, शेवटचे पाकीट संपेपर्यंत थांबू नये. पहिले तीन महिने पगार त्याच्या संमतीने पत्नीच्या किंवा आईच्या हाती यावा, कामावरून येण्याचा रस्ता बदलावा, आणि हळदी, वरात, गटारी अशा प्रसंगांना पहिले वर्षभर सरळ नकार द्यावा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या सभा मराठीतूनही होतात व त्यांना शुल्क नसते. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा वेगळ्या असतात. माझ्या वहिनीला डॉक्टरांइतकाच आधार तेथे भेटलेल्या बायकांनी दिला.

घसरण होते. सहा महिने कोरडा राहिलेला माझा भाऊ एका मित्राच्या तेराव्याला प्यायला आणि दुसऱ्या दिवशी तोंड लपवून पडून राहिला. ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ’ असे तो म्हणत होता. आम्ही तीच प्लॅस्टिकची पिशवी काढली, तोच केसपेपर घेतला आणि त्याच ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी शेवटची केव्हा घेतली, किती घेतली, हात थरथरतात का, असे तीन प्रश्न विचारले, गोळ्या बदलून दिल्या आणि जुन्या नोंदीखाली रेघ मारून पुढच्या मंगळवारची तारीख लिहिली.